सतरा नंबरची पट्टी

शैला कारखान्यात कात्री चालवते, असं कळलं की लोक विचारायचे, म्हणजे शिवणकामाला का? चिंचवडच्या त्या कारखान्यात शिवणकाम नव्हतंच. तिथे लोखंड वितळवून ओतायचे, आणि शैला होती कॉम्प्युटरच्या खोलीत. कॉम्प्युटर कागदाची पट्टी बाहेर टाकायचा आणि शैला ती मधेमधे कापून पुन्हा चिकटवायची. तिच्या आईला हे कधीच पटलं नाही. एवढं महागाचं यंत्र आणायचं आणि त्याच्यामागे एक पोरगी कात्री घेऊन बसवायची, हे कुठल्या शहाण्याला सुचलं, असं ती विचारायची. प्रश्न काही चुकीचा नव्हता.

साल होतं सत्त्याहत्तर. कॉम्प्युटरची खोली वरच्या मजल्यावर, आत बारमाही गारवा. धूळ चालत नाही म्हणून चपला दाराबाहेर काढायच्या. आता चपला बाहेर काढून आत गेलं की आपल्या माणसाचे हात आपसूक जुळतात, त्यामुळे येणारे जाणारे कॉम्प्युटरच्या राखाडी कपाटाला नमस्कार करूनच पुढे सरकत. खातं सांभाळायचे अण्णासाहेब. ते आधी हसले, मग चिडले, आणि मग एक दिवस स्वतःच नमस्कार करताना सापडले.

त्या यंत्राकडे काम होतं कारखान्यातल्या उचलण्याच्या साधनांचं. साखळ्या, दोर, चेनकप्प्या, सगळं दर आठवड्याला तपासायचं आणि चिठ्ठीवर तारीख टाकायची. चिठ्ठ्या वर येत, मशिनवरच्या मुली त्या छिद्रांच्या भाषेत उतरवत, आणि गुरुवारी कॉम्प्युटर त्या वाचून इंचभर रुंदीची एक लांबलचक पट्टी काढी. पट्टीवर नुसती भोकं. ती पट्टी दुसऱ्या प्रोग्रॅमला भरवली की तो कार्डं छापायचा. तारीख असेल त्याची तपासणी झाली, नसेल त्याच्या नावाचं कार्ड थेट त्या त्या खात्यात. पहिल्याने लिहायचं, दुसऱ्याने वाचायचं, मधे माणूस नको. तीच तर अण्णासाहेबांची हौस होती.

पण पहिला प्रोग्रॅम होता बोलका. काही खटकलं तर काम थांबवायचा नाही, आपल्या अकलेने भागवून न्यायचा, आणि मग त्याच पट्टीवर, यादीच्या ओळींमधेच, सांगून टाकायचा: वॉर्निंग, अमुक ठिकाणी असं असं होतं, मी तसं तसं धरलं आहे. दुसरा प्रोग्रॅम अगदी सरळमार्गी. त्याला यंत्राचं नाव, खातं आणि तारीख एवढंच ठाऊक. त्याने वॉर्निंग हेही एक यंत्रच समजून चोख कार्ड छापलं. ते कार्ड फाउंड्रीत गेलं, आणि तिथला एक तपासनीस दोन दिवस वॉर्निंग नावाचं यंत्र शोधत फिरला. तिसऱ्या दिवशी त्याने कार्डावर लिहून दिलं: तपासले, ठीक आहे.

अण्णासाहेबांची भर मीटिंगमध्ये शोभा झाली. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तसे ते त्या दिवसापासून पट्टीला घाबरायला लागले. तिच्यात यादीशिवाय एक अक्षरही राहता कामा नये. म्हणून मग शैला.

शैलाचे वडील, हरिहर, याच फाउंड्रीत चेनकप्पीवर होते. तीन वर्षांपूर्वी तापाने गेले. त्यांच्यामागे मुलीला इथे जागा मिळाली, ती टेम्पररी, दर सहा महिन्यांनी कागद नवा. मुलीचा हात हलका होता. पट्टी उजेडाकडे धरायची, नको तो तुकडा शोधायचा, कापायचा, आणि दोन टोकं अशी जोडायची की मधली बारीक भोकांची रांग एका रेषेत यावी. केसभर सरकली तरी पट्टी यंत्रात अडकायची. शैलाची कधी अडकली नाही.

कापलेले तुकडे मात्र तिला टाकवेनात. अक्षर असलेला कागद पायदळी येऊ द्यायचा नाही हे लहानपणापासून हाडात मुरलेलं, आणि ही भोकं म्हणजे अक्षरंच की. तिने बिस्किटांचा एक रिकामा डबा आणला आणि तुकडे त्यात ठेवायला लागली. अण्णासाहेब म्हणाले, काय करणार आहेस त्याचं? ती म्हणाली, काही नाही. आणि खरंच तिच्या मनात काही नव्हतं.

दुपारी साडेतीनच्या सुमारास पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत यायचं. शैला पट्टी उजेडात धरायची आणि समोरच्या भिंतीवर शेकडो ठिपके चालायला लागायचे. ती पट्टी सोडत गेली की ठिपके भिंतीवरून खाली उतरून जमिनीवर येत, टेबलाच्या पायांवर चढत, तिच्या साडीवरून निघून जात. यंत्राची घूंघूं चालू असायची. अशा वेळी आपण जाग्या आहोत का, हे तिला नक्की सांगता आलं नसतं. घरी जाताना पवनेच्या काठाने जायची तर पाण्यावरचा उजेडही भोकाभोकांचा दिसायचा. रात्री स्वप्नात नदीवरून एक पट्टी वाहत जायची, ती तिच्यावर बोटं फिरवायची आणि काय लिहिलंय ते अगदी समजायचं, फक्त जागं झाल्यावर आठवायचं नाही.

बोटांना मात्र आठवत होतं. सहा महिन्यांत तिची बोटं भोकं वाचायला शिकली. कोणी शिकवलं नव्हतं, सवयीने आलं. आणि तुकडे वाचता वाचता तिला या बोलक्या प्रोग्रॅमचा स्वभाव कळला. तो रडगाणं गात नव्हता की काम टाकून बसत नव्हता. घरातली जुनी माणसं ताट वाढून देतात आणि जाता जाता म्हणतात, दूध जरा वेगळं लागतंय गं, बघ एकदा, तसं त्याचं चालायचं. शैलाला त्याच्याबद्दल माया वाटायला लागली. यंत्राबद्दल माया वाटते हे कुणाला सांगायची सोय नव्हती, म्हणून तिने सांगितलं नाही.

दसऱ्यानंतरच्या सातव्या गुरुवारी एक तुकडा तिच्या बोटांखालून गेला आणि बोटं थांबली. हा आपण आधी वाचलाय. तिने डबा उपडा केला. एक, दोन, तीन करत तसेच सहा निघाले, हातातला धरून सात, सातही एकाच लांबीचे. तिने ते एकावर एक ठेवले, कडा जुळवल्या आणि खिडकीसमोर धरले. सात कागदांच्या आरपार ऊन आलं. एकही भोक कुठे बुजलं नव्हतं. भिंतीवर ठिपक्यांची एकच लहानशी ओळ उमटली आणि तशीच राहिली. तिचा अर्थ असा होता: चेनकप्पी सतरा, तारीख नाही, मागची धरली.

सतरा म्हणजे वडिलांची कप्पी. आता तिच्यावर चांदभाई होते. वडिलांचे जोडीदार, वीस वर्षं दोघांनी एकाच साखळीखाली भाकरी खाल्ली होती. शैला त्यांना चांदचाचा म्हणायची.

नेमका त्याच दिवशी मुकुंद आला. पुण्याचा, कॉम्प्युटर शिकून आलेला, सव्वीस वर्षांचा, चष्म्याआडून सगळ्यांकडे कौतुकाने पाहणारा. कात्री, डिंक आणि शैला असं सगळं पाहून तो थक्क झाला.

"सर, हे कापत कशाला बसायचं?" तो अण्णासाहेबांना म्हणाला. "वॉर्निंग बंद करता येतात. प्रोग्रॅममध्ये एक ओळ बदलायची. पुढच्या गुरुवारी पट्टी स्वच्छ."

"आणि काम?"

"काम जसंच्या तसं होणार. तो फक्त बोलणार नाही."

"असा एखादा माणूस घरी मिळाला तर बरं होईल," अण्णासाहेब म्हणाले आणि बऱ्याच दिवसांनी मोकळे हसले.

शैला उठून उभी राहिली. तिच्या मुठीत ते सात तुकडे होते.

"पण मग तो सांगेल कुठे?" तिने विचारलं.

"कोण?"

"यंत्र. त्याला काही दिसलं तर ते कुठे सांगेल?"

अण्णासाहेबांचा चेहरा मऊ झाला. माणूस वाईट नव्हता. "शैला, तुझ्या कामाची काळजी करू नकोस," ते म्हणाले. "महिनाअखेरपर्यंत तू आहेसच. पुढे बघू."

"मी माझ्या कामाचं नाही म्हणत, साहेब."

"हो, हो. समजतं मला."

जितकं ती नाही म्हणाली तितकं ते कामाचंच दिसायला लागलं. मुकुंद तर बिचारा शरमून दुसरीकडे बघू लागला, आपल्यामुळे एका मुलीची नोकरी जाते आहे म्हणून. शैलाला समजलं की आपलं बोलणं यांच्या कानापर्यंत गेलं आणि तिथेच कापलं गेलं. तिला रडू आलं, राग जास्त आला. रोग म्हशीला आणि इलाज पखालीला, असं मनात म्हणत तिने तुकडे पदराच्या टोकात बांधले.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, जेवणाच्या सुट्टीत ती खाली फाउंड्रीत गेली. वडील गेल्यापासून ती तिकडे फिरकली नव्हती. उंच छपरातून उन्हाच्या तिरप्या पट्ट्या उतरत होत्या आणि त्यांच्यात काळी भुकटी तरंगत होती. वाळूचा, तेलाचा, तापलेल्या लोखंडाचा तोच वास, वडील संध्याकाळी शर्टात घेऊन यायचे तो. ती पाच पावलं डोळे मिटूनच चालली.

चांदभाई सतराच्या खालीच बसले होते, डबा उघडून.

"शैलाबेटी? आज इकडं कशी वाट चुकली?"

तिने वर पाहिलं. कप्पीचा हुक, हुकाच्या वरची नंबराची पाटी आणि त्याच्याही वरच्या पाच-सात कड्या, सगळं शेंदराने लिंपून गेलं होतं. थरावर थर, बोटभर जाड. कडी कुठली आणि पाटी कुठली तेच दिसत नव्हतं. एक भगवी लांबट मूर्ती छपराला टांगल्यासारखी वाटत होती. गळ्यात दसऱ्याच्या झेंडूचा वाळका हार.

"हे कधी झालं?"

"हरिहर गेला त्याच साली," चांदभाई म्हणाले. "शेजारच्या कप्पीचा दोर तुटला, सगळा भार हिच्यावर आला. दौलतराव धरून आम्ही तिघं खाली. हिनं धरलं. मग खंडेनवमीला आमच्या फोरमननं, दौलतरावांनी, शेंदूर लावला. दर साली एक हात चढतो. यंदा पाटीबी झाकली."

"मग तपासणी कशी होते, चाचा?"

चांदभाईंनी घास खाली ठेवला. "तपासणारा येतो, हात जोडतो, जातो. पाटीवरचा नंबर ताडून बघता येत नाही म्हणून चिठ्ठीवर तारखेची जागा कोरी सोडतो. शेंदूर खरवडायचा कुणी? त्याची छाती होत नाही. आणि मी मुसलमान माणूस, बेटी. तुमच्या देवाच्या अंगावर मी खरवडणी फिरवू? उद्या काही झालं तर म्हणतील चांदभाईनं विटाळ केला. माझ्या मनालाबी ते बरं वाटत नाही."

"भीती वाटते का?"

त्यांनी वर साखळीकडे पाहिलं. "साखळी उतरताना आवाज बदललाय," ते म्हणाले. "वीस वर्षं ऐकतोय मी. पण यादीत सगळं ठीक येतं. मशीन खोटं बोलंल का? उद्या बाराला नवा साचा उचलायचाय. दोन टनाचा. आजवर एवढा हिनं उचलला नाही."

शैलाने पदराची गाठ मुठीत घट्ट धरली. यादीत ठीक येत होतं, कारण यादी तीच स्वच्छ करत होती. सात आठवडे यंत्र सांगत होतं आणि सात आठवडे तिने स्वतःच्या हाताने, सुबक जोड देऊन, ते कापून टाकलं होतं. तिने चाचांना काही सांगितलं नाही. सांगण्याची लाज वाटली.

ती वर आली ती चपलांसकट खोलीत शिरली. मुकुंद एकटाच होता. तिने सातही तुकडे एकावर एक ठेवून त्याच्या हातात दिले आणि म्हणाली, "उजेडात धरा."

त्याने धरले. उजेड सातातून पार झाला आणि त्याच्या चष्म्यावर ठिपके पडले. तो पुन्हा पुन्हा बघत राहिला. मग त्याने एक तुकडा सोडवून भोकं वाचली, आणि त्याला बोटांनी नव्हे तर तक्ता बघून वाचायला दहा मिनिटं लागली.

"सातही आठवडे हेच?" त्याने विचारलं.

"हेच. आणि उद्या बाराला तिच्यावर दोन टन चढणार आहेत. खाली माझे चाचा असतील."

मुकुंद खुर्चीत बसला. त्याच्यात एक गुण चांगला होता, चूक दिसली की त्याचा अहंकार आधी मरायचा. "मी याचं तोंडच बंद करणार होतो," तो म्हणाला.

"पट्टीवर नको, हे बरोबर आहे तुमचं. पट्टी यादीची आहे." शैलाने कोपऱ्यातल्या टाइपरायटरकडे बोट केलं. तो कॉम्प्युटरला जोडलेला होता, दिवसभरात दोन वेळा 'तयार' एवढंच छापायचा आणि एरवी झाकण घालून पडून असायचा. "त्याला वेगळी वायर आहे ना? यादी पट्टीवर जाऊ दे. बोलायचं असेल ते तिथे बोलू दे."

मुकुंदने टाइपरायटरकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तेही एका ओळीचंच काम आहे," तो हळूच म्हणाला. "पण त्यात तुमची कात्री जाते, शैलाताई."

"जाऊ दे," शैला म्हणाली. तिला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगा, पण तिने ते म्हटलं.

दोघं अण्णासाहेबांकडे गेले. अण्णासाहेबांनी तुकडे पाहिले आणि फोन उचलून फाउंड्रीचे फोरमन दौलतराव यांना विचारलं. दौलतरावांचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू आला. "सतराचं काय? यादीत तारीख हाय की, साहेब. तुमच्याच मशीनची यादी. आन् त्यात देव हाय. तिला काय व्हतंय?" ती तारीख जुनीच पुढे ओढलेली आहे हे अण्णासाहेबांनी सांगून पाहिलं, मग फोन ठेवला आणि हात पसरले. साचा उचलायचा की नाही हे खालचं खातं ठरवणार, त्यांच्या हातात नव्हतं.

शनिवारी सकाळी धुकं इतकं होतं की शैलाला पवनेचं पाणी दिसलं नाही, नुसतं ऐकू आलं. काठाने चालताना तिला फार जुनी गोष्ट आठवली. ती पाच वर्षांची असेल. गावठाणातल्या मारुतीने कवच टाकलं होतं. वर्षानुवर्षांचा शेंदूर इतका जड झाला की एका पहाटे तो सबंध सुटून खाली आला. वडिलांनी तिला खांद्यावर घेऊन दाखवलं होतं. मोठ्या भगव्या मारुतीच्या जागी एक लहानसा, काळा, नाकडोळे रेखीव असलेला मारुती उभा होता. हा कोण, असं तिने विचारलं होतं. वडील म्हणाले होते, हाच तो, आपल्यालाच दिसत नव्हता. मग ते कवच वाजतगाजत याच नदीत सोडलं होतं. धुक्यात तिला वडिलांच्या खांद्याचं हाड मांडीखाली जाणवलं, इतकं स्पष्ट की ती थबकली. आणि काय करायचं ते तिला कळलं.

दौलतराव शनिवार करायचे. मारुतीचे भक्त. ती गेली तेव्हा ते सतरासमोर उदबत्ती लावत होते. मुकुंद तिच्याबरोबर होता, पण तो दोन पावलं मागे उभा राहिला.

"दौलतकाका, देवाचं कवच कधी उतरतं?" तिने विचारलं.

दौलतरावांनी वळून पाहिलं. हरिहरची पोरगी म्हणून त्यांनी रागावणं आवरलं. "जड झालं की देव आपून टाकतो. आपण काढायचं न्हाई."

"आणि देवाने मागितलं तर?"

"मागतो व्हय देव?"

तिने पदराची गाठ सोडली आणि सात तुकडे त्यांच्या तळहातावर ठेवले. "सात गुरुवार झाले, काका. दर गुरुवारी यंत्रातून एक तुकडा निघतो. नाव सतराचंच. मला बघा, मला बघा, एवढंच म्हणतेय ती. मीच ते कापून डब्यात टाकत होते. माझी चूक झाली."

दौलतरावांना भोकांची भाषा येत नव्हती. त्यांनी तुकडे जुळवून छपराच्या उजेडाकडे धरले, आणि त्यांच्या कपाळावर, अष्टगंधाच्या टिळ्याशेजारी, ठिपक्यांची लहानशी ओळ पडली. हात खाली आणायला त्यांनी फार वेळ लावला. चांदभाई साखळी धरून उभे होते, ते जमिनीकडे बघत होते.

"सात येळा," दौलतराव म्हणाले. मग त्यांनी एकाला नारळ आणायला पाठवलं. "चांदभाई, तू बी हात लाव. तिघं खाली व्हतो आपण. कवच आपण मिळूनच उतरवू."

"मी, दौलतराव?"

"तू न्हाई तर कोण? तुला बी वाचिवलंय तिनं."

नारळ फुटला. कोमट तेल सोडलं, लाकडाच्या पातळ फळीने कडा सैल केल्या. शेंदूर आधी चिवट होता, मग एकदम त्याचं मन बदललं आणि सबंध कवच दोघांच्या ओंजळीत उतरलं, आतून हुकाचा आकार घेतलेलं. दौलतरावांनी ते नव्या कापडावर ठेवलं. पितळेची पाटी उघडी पडली. सतरा. चांदभाईंनी अंगठ्याने ती पुसली, मग वर एकेक कडी चाचपत गेले. तिसऱ्या कडीवर त्यांचा हात थांबला.

कडी झिजून पेन्सिलीएवढी उरली होती. त्यातही अर्ध्यात चीर होती, काळी, जुनी.

पलीकडे दोन टनाचा साचा बांधून तयार होता. साडेअकरा झाले होते. दौलतरावांनी डोक्यावरची टोपी काढली आणि चांदभाईंच्या खांद्यावर हात ठेवून तसेच उभे राहिले. शैलाला वाटलं, आपण इथे उभ्या नाही, वडिलांच्या खांद्यावर आहोत, आणि वरून हे सगळं बघतो आहोत.

त्या दिवशी साचा उचलला गेला नाही. संध्याकाळी कवच पवनेत सोडलं.

पुढच्या गुरुवारी पट्टी आली ती पहिल्यांदाच अखंड. एक जोड नाही. शैला टेबलाशी बसून होती, हाताला काम नव्हतं. तिने कात्री पुसून अण्णासाहेबांसमोर ठेवली होती. इतक्यात कोपऱ्यातला टाइपरायटर अंग झटकून खडखडायला लागला. पाच ओळी छापून तो थांबला.

अण्णासाहेबांनी कागद फाडून घेतला आणि उलटसुलट पाहिला. "छान," ते म्हणाले. "आता हे वाचणार कोण?"

मुकुंदने अण्णासाहेबांकडे पाहिलं आणि मग पायाकडे.

दार ढकललं गेलं. बाहेर बूट काढून, टोपी हातात धरून, चांदभाई उभे होते. इतक्या वर्षांच्या नोकरीत ते पहिल्यांदाच वरच्या मजल्यावर आले होते. त्यांनी कपाटाला नव्हे, टाइपरायटरला सलाम केला.

"काय म्हणतंय आज?" त्यांनी शैलाला विचारलं.

अण्णासाहेबांनी कागद मुकाट तिच्या हातात दिला. शैला इंग्रजीतली एकेक ओळ मराठीत सांगत गेली. दोर क्रमांक नऊ, खात्याचं नाव नाही. साखळी चाळीस, दोनदा लिहिली आहे. आणखी दोन तसल्याच. पाचव्या ओळीखाली तिने बोट ठेवलं.

"चेनकप्पी सतरा," तिने वाचलं. "तारीख नाही. मागची धरलेली नाही."

हे शेवटचे दोन शब्द मुकुंदने नवे घातले होते. यंत्राने आता आपल्या अकलेने भागवायचं सोडलं होतं.

चांदभाईंनी खिशातून चार घड्यांची चिठ्ठी काढली. नवी साखळी काल बसली होती, दौलतरावांची सही होती, आणि चिठ्ठी मशिनवरच्या मुलींकडे वेळेत पोचली नव्हती. त्यांनी ती दोन्ही हातांनी शैलाला दिली.

"सात आठवडे ती विचारत होती म्हणे, बेटी," ते म्हणाले. "मी आज जवाब घेऊन आलो."

शैलाला चिठ्ठीवरची तारीख नीट दिसेना, डोळे भरून आले होते. तिने ती बोटांनी चाचपली. अण्णासाहेबांनी स्वतः उठून तिची खुर्ची उचलली आणि टाइपरायटरपाशी नेऊन ठेवली.